खेळणाऱ्यांनो, घडवणाऱ्यांची नावे विचारा

मध्यंतरी एका अभ्यास शिबिरात रात्रीच्या जेवणानंतर गप्पा चालल्या असताना प्रस्तुत लेखकाने आपण गेली पंचवीस वर्षे व्हिडिओ गेम खेळत आलो आहोत, अशी कबुली दिली. कबुली हा शब्द मुद्दामच वापरला आहे. आपल्या वर्तुळात ही गोष्ट दारूच्या खालोखाल लाजिरवाणी समजली जाते. एका ज्येष्ठ साथींनी अपेक्षेप्रमाणे खेद व्यक्त केला. "श्रीमंतांच्या पोरांचे हे व्यसन. चळवळीच्या कार्यकर्त्याला त्यासाठी वेळ मिळतोच कसा?" त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुण मित्राने माझी बाजू घेतली खरी, पण ती अशी: "दादा, माणूस दिवसभर राबतो, रात्री घटकाभर खेळतो. तिथे तरी राजकारण आणू नका."

दोघे परस्परविरुद्ध बोलत आहेत, असे बैठकीतल्या सर्वांना वाटले. मला मात्र त्यांचे म्हणणे मुळात एकच वाटले. दोघांच्याही लेखी व्हिडिओ गेम ही केवळ उपभोगाची वस्तू होती. एकाला तो उपभोग वाईट वाटत होता, दुसऱ्याला निरुपद्रवी. ती वस्तू कोणीतरी घडवलेली असते, घडवण्याला तास लागतात, त्या तासांचा मोबदला कोणीतरी ठरवतो, हा विचार दोघांच्याही मनाला शिवला नव्हता. श्रमाचा प्रश्न हाच ज्या पक्षाच्या विचारांचा पाया, त्या पक्षाच्या शिबिरात असे व्हावे, ही चिंतेची बाब आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

एका ठिपक्याची गोष्ट

संगणक, विज्ञानकथा, चित्रकथा आणि व्हिडिओ गेम यांत आकंठ बुडालेल्या, त्यांतील बारीकसारीक तपशील मुखोद्गत असलेल्या मंडळींना अमेरिकेत 'गीक' म्हणतात. पूर्वी ती शिवी होती, आता ते बिरुद झाले आहे. या गीक मंडळींच्या पुराणात एक कथा अत्यंत पूज्य मानली जाते. ती आपल्या वाचकांनी ऐकण्यासारखी आहे, आणि गीकांनी सांगतात त्याहून वेगळ्या रीतीने ऐकण्यासारखी आहे.

१९८० साली अटारी या अमेरिकन कंपनीचा 'ॲडव्हेंचर' हा खेळ बाजारात आला. किल्ले, ड्रॅगन, चक्रव्यूह आणि एक मंतरलेला चषक, असा त्याचा थाट. वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुण प्रोग्रामरने तो एकट्याने घडवला होता. कल्पना त्याची, चित्रे त्याची, यंत्राला द्यावयाच्या सूचनाही त्याच्याच. त्याचा पगार वर्षाला सुमारे २२ हजार डॉलर होता. खेळाच्या दहा लाखांच्या आसपास प्रती, प्रत्येकी सुमारे २५ डॉलरला, खपल्या. त्या विक्रीतील एक छदामही त्याच्या वाट्याला आला नाही. पैशाचे एक वेळ जाऊ द्या. पण वेष्टनावर, माहितीपुस्तिकेत, पडद्यावर, कोठेही त्याचे नाव नव्हते. अटारीचे ते धोरणच होते. नाव छापले तर त्या माणसाला बाजारात किंमत येईल, दुसरी कंपनी त्याला ओढून नेईल, किंवा तो स्वतःच जास्त पगार मागू लागेल, ही भीती त्या धोरणामागे होती.

रॉबिनेटने यावर एक उपाय योजला. खेळातील एका चक्रव्यूहात त्याने पार्श्वभूमीच्याच रंगाचा, म्हणून डोळ्यांना न दिसणारा, एक ठिपका ठेवून दिला. तो ठिपका उचलून एका विशिष्ट भिंतीपाशी नेला की पलीकडे जाता येई, आणि पलीकडच्या खोलीत रंग पालटणारी अक्षरे दिसत: हा खेळ वॉरन रॉबिनेटने घडवला आहे. हे त्याने सहकाऱ्यांनाही सांगितले नाही. तो नोकरी सोडून गेल्यानंतर एका पंधरा वर्षांच्या मुलाला ती खोली सापडली, त्याने कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा कोठे व्यवस्थापनाला या प्रकाराचा पत्ता लागला. नाव पुसावयाचे तर चिप नव्याने घडवाव्या लागल्या असत्या. तो खर्च कोण करणार? म्हणून नाव राहिले. पुढे अशा गुप्त जागा खेळाडूंना भुरळ घालतात, हे ध्यानी आल्यावर कंपनीने त्यांना उत्तेजनच दिले, आणि त्या प्रकाराला 'ईस्टर एग' हे गोंडस नाव पडले.

वेरूळच्या कैलास लेण्यावर राष्ट्रकूट राजाचे नाव लागले. ज्यांनी तो डोंगर वरून खाली कोरत आणला त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. रॉबिनेटने आपले नाव दगडात कोरावे तसे यंत्रात कोरले. ती गंमत नव्हती. मालकाने नाकारलेला हक्क पगारी माणसाने चोरून बजावला होता.

बाहेर पडलेल्या चौघांचे काय झाले

त्याच कंपनीत त्याच सुमारास आणखी एक प्रसंग घडला. रे कॅसार हे गृहस्थ अटारीचे प्रमुख झाले होते. ते आले होते बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापड कंपनीतून. कोणता खेळ किती खपला याची माहिती कर्मचाऱ्यांच्या हाती आली, तेव्हा डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांच्या लक्षात आले की, कंपनीच्या खेळांच्या विक्रीतील मोठा हिस्सा आपल्या चौघांच्या कामातून येतो. नाव आणि विक्रीतील वाटा मागण्यासाठी ते प्रमुखांकडे गेले. क्रेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, जुळणीच्या पट्ट्यावर कार्ट्रिज जोडणाऱ्या माणसाहून तुम्ही अधिक महत्त्वाचे नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले.

हे उत्तर सर्व गीकांना अपमानास्पद वाटते. मला त्यात एक सत्य दिसते, जे उच्चारणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हते. प्रोग्रामर आणि पट्ट्यावरची कामगार स्त्री हे मालकाच्या हिशेबाच्या वहीत खरोखरच एका रकान्यात होते. त्या चौघांनी "होय, आम्ही तिच्यासारखेच, म्हणून आम्ही तिच्यासह उभे राहू" असे उत्तर दिले असते, तर या उद्योगाचा इतिहास निराळा झाला असता. त्यांनी तसे केले नाही. १९७९ साली त्यांनी अटारी सोडली आणि ॲक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली. तिच्या खेळांवर घडवणाऱ्यांची नावे झळकली, हे मान्य केलेच पाहिजे. पट्ट्यावरची माणसे मात्र मागेच राहिली. १९८३ च्या फेब्रुवारीत अटारीने उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला हलवण्याचे जाहीर केले आणि कॅलिफोर्नियातील सुमारे १,७०० कामगारांना घरी बसवले. त्यांच्यासाठी कोणत्याही खेळात गुप्त खोली बांधली गेली नाही.

आणि त्या नव्या कंपनीचे काय झाले? मालक बदलत गेले, कंपनी वाढत गेली. नावाच्या आणि मानाच्या मागणीतून जन्मलेल्या त्या ॲक्टिव्हिजनवर २०२१ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने स्त्री कर्मचाऱ्यांशी भेदभाव आणि छळ केल्याबद्दल खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. पण त्याच महिन्यात तिचे कर्मचारी काम थांबवून रस्त्यावर आले, आणि २०२३ च्या डिसेंबरात सुमारे साडेपाच कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०२१ च्याच डिसेंबरात तिच्या विस्कॉन्सिनमधील रेव्हन स्टुडिओत, खेळांतील दोष शोधणाऱ्या बारा कंत्राटी चाचणीकारांना कामावरून कमी करण्यात येत होते, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी संप केला. मालक चांगला निवडला की प्रश्न सुटतो, किंवा आपणच मालक झालो की सुटतो, या भ्रमाचे इतके स्वच्छ उत्तर शोधूनही सापडणार नाही.

गीकांनी काय केले

आता या हकिगतीचे गीक संस्कृतीने काय केले ते पाहा. २०११ साली अर्नेस्ट क्लाइन यांची 'रेडी प्लेयर वन' ही कादंबरी आली. २०१८ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तिच्यावर चित्रपट काढला. कथेच्या शेवटी नायक रॉबिनेटची तीच खोली शोधतो आणि जिंकतो. बक्षीस काय? एका अवाढव्य कंपनीची मालकी! मालकाविरुद्ध पगारी माणसाने केलेली कृती चाळीस वर्षांत मालक बनवणारी लॉटरी झाली. यात कादंबरीकाराचा एकट्याचा दोष नाही. आम्हा खेळणाऱ्यांची सगळी संस्कृतीच अशी घडली आहे. कोणत्या खेळाच्या कोणत्या आवृत्तीत कोणती तलवार कोठे लपली आहे, हे आम्ही झोपेतही सांगू. तो खेळ पुरा करताना किती माणसांनी किती रात्री कार्यालयात काढल्या, हे आम्हाला विचारावेसेही वाटत नाही. वस्तूविषयी सर्वज्ञता आणि वस्तू घडवणाऱ्याविषयी संपूर्ण अज्ञान: मार्क्सने ज्याला वस्तुपूजा म्हटले तिचे उदाहरण वर्गात द्यावयाचे असेल, तर गीकाइतके उत्तम उदाहरण नाही.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. २००३ सालचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा माझ्या अत्यंत आवडीचा खेळ. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०२० च्या सप्टेंबरात त्याच्या नव्या आवृत्तीची घोषणा केली आणि काही मिनिटांची चित्रफीत दाखवली. चित्रे जुनाट वाटत होती, चेहरे निर्जीव वाटत होते. जगभरच्या खेळाडूंनी टिंगलीचा पाऊस पाडला, आणि पुण्यातील एका मित्राच्या घरी बसून त्या पावसात मीही चार थेंब टाकले. तो खेळ कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंत घडत होता. म्हणजे मी ज्यांची टिंगल करीत होतो ती माणसे माझ्यापासून दोन-चार बस थांब्यांच्या अंतरावर राहत असतील, आणि ते दिवस महामारीचे होते. "आपल्याकडे दिले की असेच होणार," हे वाक्य त्या रात्री आमच्या बैठकीत मराठीतूनच उच्चारले गेले. त्या कामाला किती माणसे दिली होती, किती मुदत दिली होती, निर्णय कोणाच्या हाती होते, यांपैकी एकही प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नाही. २०२२ च्या मे महिन्यात तो प्रकल्प मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवण्यात आला. खेळाडू म्हणाले, बरे झाले. आयुष्यभर गिरणी कामगारांच्या सभांना गेलेला मी, आपल्याच शहरातील कामगाराच्या मालावर परदेशी गिऱ्हाइकाच्या नजरेने थुंकलो, हे समजावयास मला पुढे बराच काळ लागला.

आवड हाच पगार

या उद्योगात शोषणाचे एक खास साधन आहे, ते म्हणजे आवड. "तुम्हाला खेळ आवडतात ना? मग खेळ घडवावयास मिळत आहे, हेच तुमचे भाग्य." मुदत जवळ आली की आठवड्याचे सहा-सात दिवस, दिवसाचे बारा-चौदा तास राबविण्याच्या प्रथेला तेथे 'क्रंच' म्हणतात. २००४ च्या नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने निनावी पत्र प्रसिद्ध केले: सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, आणि त्याबद्दल जादा मोबदला नाही. हे पत्र 'ईए स्पाउस' या टोपणनावाने गाजले. कर्मचाऱ्यांच्या दाव्यांतून कंपनीला कलाकारांना १ कोटी ५६ लाख आणि प्रोग्रामरांना १ कोटी ४९ लाख डॉलर द्यावे लागले. पण लक्षात घ्या: हे पत्र लिहिणारी व्यक्ती कर्मचारी नव्हती, घरी वाट पाहणारी होती, आणि तिलाही नाव लपवावे लागले. रॉबिनेटनंतर पंचवीस वर्षांनीदेखील या धंद्यात सत्य सांगणाऱ्याला नाव सांगण्याची चोरीच होती.

आठ तासांच्या दिवसासाठी ज्यांच्या आधीच्या पिढ्या लढल्या, त्यांनी संगणकासमोर वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसाला "तो कुठला कामगार?" असे म्हणून झटकून टाकावे, यासारखी मालकाची दुसरी सोय नाही.

ज्येष्ठ साथींना उत्तर

ज्येष्ठ साथींचा आक्षेप असा की, या खेळांनी तरुण पिढी नादी लागली, पैसा बुडाला, घरे उद्ध्वस्त झाली. तेव्हा त्यांवर बंदीच हवी. या आक्षेपात तथ्य आहे, पण दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन जुगार हा जुगारच आहे. त्याला खेळाचे नाव दिले म्हणून तो खेळ होत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्यानेही पैशांचे ऑनलाइन खेळ एकीकडे आणि ई-स्पोर्ट्स व अन्य खेळ दुसरीकडे, असा फरक केला आणि पहिल्यांवर बंदी घातली. हा फरक आपणही केला पाहिजे.

मात्र तेवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. जुगाराची युक्ती साध्या दिसणाऱ्या खेळांतही शिरली आहे. पैसे भरून बंद पेटी विकत घ्यावयाची, आत काय निघेल ते नशिबावर, या 'लूट बॉक्स' नामक प्रकाराला बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली अनेक खेळांच्या बाबतीत जुगार ठरवले. 'फोर्टनाइट' खेळाची मालक असलेल्या एपिक गेम्सला २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. मुलांच्या माहितीची गोपनीयता आणि खेळाडूंना फसवून नकळत करावयास लावलेली खरेदी, हे त्यातील आरोप होते. तेव्हा साथी, तुमचा संताप योग्य आहे. त्याचा नेम तेवढा चुकला आहे. तो खेळणाऱ्या पोरावर नको, गल्ल्यावर बसलेल्यावर हवा.

आणि तिरस्काराची किंमतही पाहा. तमाशा हलकट, असभ्य, असे पांढरपेशा समाज म्हणत असताना १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. जनता जेथे रमते तेथे जावयाचे, हा धडा त्यांनी घालून दिला. आपण तो विसरलो. इतरांनी तो गिरवला. २०१४ च्या ऑगस्टपासून 'गेमरगेट' नावाने अमेरिकेत एक मोहीम चालली. पत्रकारितेच्या नीतिमत्तेचा बुरखा पांघरून खेळ घडवणाऱ्या आणि खेळांची चिकित्सा करणाऱ्या स्त्रियांना बलात्काराच्या, खुनाच्या धमक्या देण्यात आल्या. समीक्षक अनिता सार्कीसियन यांना त्या वर्षीच्या ऑक्टोबरात युटा राज्यातील विद्यापीठातले व्याख्यान सामूहिक हत्याकांडाच्या धमकीमुळे रद्द करावे लागले. या रागावलेल्या, एकाकी तरुणांच्या गर्दीची नीट दखल कोणी घेतली? स्टीव्ह बॅनन यांनी. खेळांतील आभासी सोन्याचा व्यापार करणाऱ्या कंपनीत त्यांनी पूर्वी काम केले होते. हे सोने चीनमधील तुटपुंज्या मजुरीवरचे तरुण रात्रंदिवस खेळून गोळा करीत. २०१६ साली तेच बॅनन ट्रम्प यांच्या प्रचाराची धुरा सांभाळत होते. आपण ज्या मैदानाकडे नाक मुरडून पाठ फिरवतो, ते मैदान रिकामे राहत नाही.

तरुण मित्राला उत्तर

"खेळात राजकारण आणू नका," असे म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्राला मी एवढेच विचारतो: ते तेथे नव्हते केव्हा? मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ६,८७० कोटी डॉलरला विकत घेतली. २०२३ च्या ऑक्टोबरात व्यवहार पुरा झाला आणि २०२४ च्या जानेवारीत आपल्या खेळ विभागातील १,९०० जणांना तिने कामावरून काढले. २०२५ च्या सप्टेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स विकत घेण्याचा ५,५०० कोटी डॉलरचा सौदा जाहीर झाला. घेणाऱ्यांत सौदी अरेबियाचा सरकारी निधी आणि ट्रम्प यांचे जावई जॅरेड कुशनर यांची कंपनी. आणि त्यांपैकी २,००० कोटी डॉलर कर्जाचे. हे कर्ज कोण फेडणार? खेळणाऱ्याच्या खिशातून आणि घडवणाऱ्याच्या नोकरीतून ते फेडले जाईल. हे राजकारण नव्हे, तर राजकारण कशाला म्हणावयाचे?

दुसरे उदाहरण तुझ्या आवडीचे देतो. 'डिस्को एलिसियम' हा २०१९ सालचा खेळ तू दोनदा पुरा केला आहेस. त्याच्या लेखिकेने त्या वर्षीच्या पुरस्कार समारंभात व्यासपीठावरून मार्क्स आणि एंगेल्स यांचे आभार मानले, तेव्हा आपण दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या. २०२२ साली जगाला कळले की, तो खेळ ज्याच्या कल्पनेतून जन्मला त्या रॉबर्ट कुर्वित्झसह तिघे प्रमुख निर्माते कंपनीबाहेर गेले आहेत, आणि ते स्वखुशीने गेलेले नाहीत. कारणांविषयी दोन्ही पक्ष वेगवेगळे सांगतात. पण जग निर्माण करणारे बाहेर आणि त्या जगाची मालकी आत, हे तर उघड आहे. खेळातील संवादांत क्रांती असून भागत नाही. मालकीच्या कागदावर काय लिहिले आहे, हे पाहावे लागते.

वारे फिरते आहे

निराश होण्याचे मात्र कारण नाही. रेव्हनच्या त्या चाचणीकारांनी २०२२ च्या मे महिन्यात १९ विरुद्ध ३ मतांनी आपली संघटना स्थापन केली. २०२४ च्या जुलैत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' घडवणारे पाचशेहून अधिक कर्मचारी संघटित झाले. त्याच महिन्यात खेळांना आवाज आणि हालचाली देणाऱ्या अमेरिकन नटनट्यांनी, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आपला आवाज आणि देह परस्पर वापरला जाऊ नये यासाठी संप पुकारला. २०२५ च्या जून-जुलैत करार होईपर्यंत ते ठाम राहिले. २०२५ च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये या क्षेत्रातील कामगारांनी देशव्यापी संपाचा दिवस पाळला. क्रेन आणि त्याचे सोबती ज्या वाटेने गेले नाहीत, ती वाट अखेर सापडली आहे, आणि ती शोधली कंपनीतील सर्वांत कमी पगाराच्या, सर्वांत कमी मानाच्या चाचणीकारांनी.

खेळाडूही सर्वस्वी झोपलेले नाहीत. 'द क्रू' हा विकत घेतलेला खेळ २०२४ च्या मार्चअखेर कंपनीने सर्व्हर बंद करून कायमचा निकामी केला, तेव्हा खेळाडूंनी युरोपात मोहीम सुरू केली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. पैसे मोजून घेतलेली वस्तू मालकाच्या मर्जीने नाहीशी होते, हा अनुभव त्यांना मालकीच्या प्रश्नापर्यंत घेऊन आला. आता त्याच खेळाडूला एक पाऊल पुढे न्यावयाचे आहे: तुझा खेळ ज्याने बंद केला, त्यानेच तो घडवणाऱ्याची नोकरीही बंद केली, तुम्हा दोघांची तक्रार एकाच दारावर जाते.

हे पाऊल कोण टाकवणार? पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर येथे जगभरच्या खेळांसाठी चित्रे काढणारे, दोष शोधणारे हजारो तरुण काम करतात. त्यांपैकी कितीतरी मराठी घरांतील आहेत, आपल्याच कार्यकर्त्यांची मुले आहेत. त्यांच्या कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, कंत्राटाची मुदत, श्रेयनामावलीत नाव, हे प्रश्न घेऊन आपल्या कामगार आघाडीने त्यांच्याकडे गेले पाहिजे. आणि त्यांच्याकडे जाणारा कार्यकर्ता खेळाला तुच्छ लेखणारा नसावा. त्यांच्याइतकेच खेळावर प्रेम करणारा असावा. माणूस ज्या कामावर प्रेम करतो त्याचा उपहास करून त्याला संघटित करता येत नाही.

खेळणाऱ्या मित्रांना माझी विनंती साधी आहे. खेळ संपल्यावर नावांची लांबलचक यादी पडद्यावरून सरकू लागते, तेव्हा आपण बटण दाबून ती ओलांडतो. यापुढे ती ओलांडू नका. ती वाचा. तिच्यात कोण नाही, तेही विचारा: कंत्राटी चाचणीकारांची नावे आहेत काय? खेळ पुरा होण्याआधी नोकरी गेलेल्यांची आहेत काय? यंत्र जोडणाऱ्या हातांची तर नसतीलच. त्या प्रश्नांची उत्तरे कंपनीकडे मागा, जाहीरपणे मागा, आणि घडवणारे संपावर गेले तर त्यांच्या बाजूने उभे राहा.

लहानपणी आमच्या गल्लीतील दुकानात तासाला पाच रुपये भाड्याने टीव्हीवरचा गेम खेळावयास मिळे. त्या नकली कार्ट्रिजमधील अनेक खेळांवरून कंपनीचे नावसुद्धा पुसलेले असे. हे खेळ आकाशातून पडतात, असे तेव्हा आम्हाला खरोखर वाटे. तेव्हा आम्ही मुले होतो. आता ते अज्ञान क्षम्य नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका माणसाला आपले नाव सांगण्यासाठी न दिसणारा ठिपका ठेवावा लागला. तो ठिपका शोधणे हा खेळ नव्हता, हे आपण खेळणाऱ्यांनीच आता सांगितले पाहिजे.